मुंबई ते लेह मोटारसायकलने: प्रथमच जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मुंबई समुद्रसपाटीवर वसलेली आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या खिंडी पाच हजार मीटरच्या पलीकडे जातात. म्हणजे आपल्याकडचा दुचाकीस्वार आयुष्यात कधीही न राहिलेल्या उंचीवर जाऊन तिथे रोज सहा-सात तास गाडी चालवणार असतो. मोटारसायकल कोणती घ्यावी, तिला कोणते टायर लावावेत, यावर आपण महिनोन्‌महिने चर्चा करतो. परंतु अर्ध्या वाटेवरून परत फिरावे लागलेली जी मंडळी मला भेटली, त्यांपैकी बहुतेकांना गाडीने नव्हे, तर त्यांच्या शरीराला न मिळालेल्या वेळेने अडवले होते. म्हणून पुढील संपूर्ण आखणी एका प्रश्नाभोवती केली आहे: आज रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहोत?

१. काळ निवडा

मनाली-लेह रस्ता हिवाळ्यातील बर्फ हटवल्यानंतर साधारणपणे मे ते जूनच्या दरम्यान खुला होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सुरू असतो. श्रीनगर-लेह रस्ता बहुधा त्याच्याआधी खुला होतो. नवख्यांसाठी जूनचा उत्तरार्ध आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा हे दोन काळ मला सर्वांत योग्य वाटतात. जूनमध्ये खिंडींच्या दुतर्फा बर्फाच्या भिंती दिसतात, पण वितळलेल्या पाण्याचे नाले जोरात असतात. सप्टेंबरमध्ये नाले शांत होतात, आकाश स्वच्छ असते, मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते.

लडाख पर्जन्यछायेत आहे, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस नसतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. लेहपर्यंत नेणारा रस्ता हिमाचलमधून किंवा जम्मू-काश्मीरमधून जातो आणि तिथे पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने मनालीकडे जाणारा महामार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला होता. खुद्द लेहमध्येही ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेमुळे श्रीनगर-सोनमर्ग पट्ट्यात वाहतुकीवर वेळेची बंधने असतात.

रजा मोजताना आखणीपेक्षा किमान तीन दिवस जास्त धरा. रस्ता बंद पडल्यावर हे दिवस हाताशी नसले, तर माणूस हरवलेला दिवस भरून काढण्यासाठी अंधारात गाडी चालवतो किंवा एका दिवसात दोन टप्पे उरकतो आणि बहुतेक अपघात तिथेच होतात.

२. दिशा ठरवा: श्रीनगरमार्गे वर, मनालीमार्गे खाली

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथून निघून लेहच्या वाटेवरील सर्चूला मुक्काम केल्यास आपण ४,२९० मीटरवर झोपतो, म्हणजे झोपण्याची उंची एकदम २,२०० मीटरने वाढते. सर्चूच्या तंबूत रात्रभर डोके धरून बसलेले आणि उलट्या करणारे पर्यटक हे तिथले नेहमीचे दृश्य आहे. अडचण अशी की, सर्चूच्या एका बाजूला बारालाचा ला ही सुमारे ४,८९० मीटरची खिंड आहे आणि दुसऱ्या बाजूला लाचुलुंग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड. त्रास वाढला, तर कोणत्याही बाजूने खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते.

श्रीनगरच्या बाजूने चढण हळूहळू होते. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे, कारगिल २,६७६ मीटरवर. वाटेतील झोजी ला ३,५२८ मीटर आणि फोटू ला ४,१०८ मीटर उंच आहे, परंतु या खिंडी ओलांडून आपण पुन्हा खाली झोपायला येतो. लेह परिसरात आठवडाभर राहून शरीर सरावले की मग मनालीचा रस्ता परतीसाठी घ्यावा.

३. मुक्काम आखा

वैद्यकीय सर्वसाधारण नियम असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. दिवसा तुम्ही कितीही उंच खिंड ओलांडा. हिशेब रात्रीच्या मुक्कामाचा असतो. पँगाँगचा एक मुक्काम वगळता त्यानुसार पुढील आखणी सुचवतो.

- जम्मू: एक रात्र.
- श्रीनगर: दोन रात्री. जम्मू ते श्रीनगर हा पट्टा चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड बोगद्यांमुळे लहान झाला असला, तरी रामबनच्या आसपास दरडींमुळे तासन्‌तास अडकावे लागू शकते. म्हणून भल्या सकाळी निघा.
- कारगिल: एक किंवा दोन रात्री. वाटेत द्रासचे युद्धस्मारक येते. तिथे घाईने फोटो काढून पुढे जाऊ नका, नीट वेळ द्या.
- आल्ची: एक रात्र. बहुतेक जण लामायुरूला थांबतात, परंतु लामायुरू सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि आल्ची ३,१०० मीटरवर. फोटू ला ओलांडून, लामायुरूचा मठ पाहून आल्चीला झोपल्यास शरीराला एक रात्र अधिक मिळते. आल्चीच्या जुन्या मठातील भित्तिचित्रे पाहायला मिळतात ती वेगळीच.
- लेह: दोन पूर्ण विश्रांतीचे दिवस. पहिल्या दिवशी गाडीला हात लावू नका.
- नुब्रा खोरे: एक किंवा दोन रात्री. दिस्कित-हुंदर परिसर सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे.
- पँगाँग सरोवर: एक रात्र, सुमारे ४,२५० मीटर. म्हणूनच नुब्रा आधी आणि पँगाँग नंतर हा क्रम ठेवा. नुब्राहून श्योक नदीकाठाने थेट पँगाँगला जाता येते, पण निघण्यापूर्वी त्या रस्त्याची चौकशी दिस्कितमध्येच करा.
- लेह: एक रात्र, आणि तिथून परतीचा मार्ग.

हान्ले हे गाव आणि उमलिंग ला ही खिंड पहिल्याच वेळी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हान्ले सुमारे ४,५०० मीटरवर आहे आणि १९,०२४ फुटांवरील उमलिंग ला गाठण्याच्या हट्टापायी आधीचे सर्व विश्रांतीचे दिवस कापले जातात.

४. कागदपत्रे गोळा करा

- गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी. ती तुमच्याच नावावर असावी. गाडी वडिलांच्या किंवा मित्राच्या नावावर असेल, तर त्यांचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत बरोबर ठेवा.
- वाहन चालवण्याचा परवाना, विम्याचे कागद आणि पीयूसी. विमा व पीयूसी यांची मुदत प्रवासाच्या मध्यावर संपत नाही ना, हे पाहून घ्या.
- आधार कार्डाच्या पाच-सहा छायाप्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे.
- नुब्रा, पँगाँग या सीमावर्ती भागांसाठी लेह प्रशासनाकडे नोंदणी करून शुल्क भरल्याची पावती. हे नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा आणि पावतीच्या अनेक प्रती लेहमध्येच काढून घ्या. नाक्यावर झेरॉक्सचे दुकान नसते.
- स्वतःचा रक्तगट, ॲलर्जी, सुरू असलेली औषधे आणि घरचा संपर्क क्रमांक लिहिलेला कागद जॅकेटच्या आतल्या खिशात.

डिजिलॉकरमधील कागद चालतात, परंतु ते उघडण्यासाठी नेटवर्क आणि चार्ज असलेला फोन लागतो. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवणेच शहाणपणाचे आहे.

येथे एक सापळा सांगणे आवश्यक आहे. दिल्ली किंवा मनाली येथून भाड्याने घेतलेल्या मोटारसायकलींना लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगकडे जाण्यास स्थानिक दुचाकी-भाडे संघटनांचा विरोध असतो आणि अशा गाड्या अडवल्या जातात. स्वतःची गाडी नेणार नसाल, तर लेहपर्यंत एक आणि लेहच्या पुढे स्थानिक अशी दुसरी गाडी भाड्याने घेण्याचा खर्च गृहीत धरा.

५. गाडी तयार करा

१५० सीसीच्या साध्या मोटारसायकलीवर लेहला जाऊन आलेले असंख्य लोक आहेत. गाडी जुनी-नवी किंवा लहान-मोठी असण्यापेक्षा ती तुमच्या हातात बसलेली असणे महत्त्वाचे. प्रवासासाठी म्हणून ऐन वेळी नवी, जड गाडी घेऊ नका.

निघण्याच्या तीन आठवडे आधी पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या आणि त्यानंतर किमान पाचशे किलोमीटर ती चालवा. सर्व्हिसिंगनंतर राहिलेले दोष याच काळात उघडे पडतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट आणि टायर यांत शंका असेल, तर इथेच बदला. जुने टायर ‘अजून तीन-चार हजार किलोमीटर जातील’ असे गॅरेजवाला म्हणाला, तरी ते आपल्या डांबरी रस्त्यावरचे किलोमीटर असतात.

पाच हजार मीटरच्या वर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा राहतो आणि इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल-हवेचे प्रमाण स्वतः जुळवून घेतात, पण ताकद त्यांचीही कमी होतेच. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने जास्त होते, गाडी काळा धूर सोडते आणि उभी असताना बंद पडते. त्यासाठी आयडलिंग थोडे वाढवायला आणि एअर स्क्रू कसा फिरवायचा ते मिस्त्रीकडून शिकून घ्या. काही जण हवा जास्त मिळावी म्हणून एअर फिल्टरच काढून टाकतात. तसे अजिबात करू नका, कारण तिथली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन खराब करते.

बरोबर ठेवण्याचे सुटे भाग: क्लच वायर व ॲक्सिलरेटर वायर, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, पुढच्या-मागच्या चाकाची ट्यूब, स्पार्क प्लग, फ्यूज, चेन लिंक, एक लिटर इंजिन ऑइल, चेनचा स्प्रे, पंक्चर किट, हवेचा पंप, एम-सील, झिप टाय आणि चिकटपट्टी. हे सर्व कुर्ला-कालिना भागातील सीएसटी रस्त्यावरच्या दुकानांत मिळते. नव्या क्लच आणि ॲक्सिलरेटर वायर जुन्या वायरींना लागूनच आधीपासून ओवून ठेवल्या, तर रस्त्यात वायर तुटल्यावर टाकी उघडावी लागत नाही. चाक काढून ट्यूब बदलणे घरी एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहा. कोणीतरी मदत करील, या भरवशावर राहण्याइतकी रहदारी मनाली-लेह रस्त्यावरील मोरे मैदानात नेहमी असतेच असे नाही.

६. कपडे आणि सामान

मुंबईकराकडे थंडीचे कपडेच नसतात, त्यामुळे तो एक जाडजूड जॅकेट विकत घेतो आणि ते दिवसा उन्हात घामाने व खिंडीत वाऱ्याने निरुपयोगी ठरते. त्याऐवजी पातळ थर घाला: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर संरक्षक पॅड असलेले रायडिंग जॅकेट आणि सर्वांत वर पाऊस-वारा अडवणारा रेनकोट. रेनकोट वरच्या बाजूला, पटकन हाताला येईल असा बांधा. हातमोज्यांच्या दोन जोड्या हव्यातच, कारण भिजलेल्या हातमोज्यांनी बोटे काही मिनिटांत बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज राहत नाही. घोट्याच्या वर जाणारे जलरोधक बूट, गुडघ्याचे गार्ड, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, गॉगल, उच्च एसपीएफचे सनस्क्रीन आणि ओठांना लावायचे मलम ही यादी कमी करू नये. तिथले ऊन थंड वाऱ्यात जाणवत नाही, पण दोन दिवसांत नाकाची कातडी सोलून निघते.

सामानाचे वजन शक्य तितके खाली आणि पुढे ठेवा. सॅडल बॅगा दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या असू द्या. मागे उंच रचलेली बॅग नाल्यातील दगडांवर गाडी हमखास आडवी पाडते. वेफरचे सीलबंद पुडे वर गेल्यावर फुगून टम्म होतात, शाम्पूच्या बाटल्या उघडताना बाहेर उडतात. म्हणून अशा वस्तू कपड्यांपासून वेगळ्या ठेवा. हीच गोष्ट पेट्रोलच्या कॅनची. खिंडीत कॅन उघडताना झाकण अगदी सावकाश, पाव फेरा देत फिरवा आणि आतली वाफ सूं करून निघून जाऊ द्या. झाकण एकदम उघडल्यास पेट्रोल हातावर आणि तापलेल्या इंजिनावर उडू शकते.

७. सराव करा

पूर्ण सामान लादून माळशेज आणि कसारा घाटात पावसात गाडी चालवा. इंजिनाच्या ब्रेकवर, म्हणजे गिअर खाली घेऊन उतरण्याची सवय लावा. सामानासह आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलून पाहा. दम वाढवण्यासाठी जिने चढणे, पळणे हे सर्व चांगले, मात्र तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही हा गैरसमज मनातून काढून टाका. उलट व्यायामाने कमावलेली तरुण मुले जोशात अधिक वेगाने वर जातात आणि आधी आजारी पडतात.

८. गाडी रेल्वेने पाठवा

मुंबईहून अमृतसर रस्त्याने सतराशे-अठराशे किलोमीटर आहे. जूनच्या उन्हात राजस्थान ओलांडून थकलेले शरीर घेऊन पर्वतात शिरणे नवख्यांनी टाळावे. रस्त्यानेच जायचे असेल, तर दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, हे लक्षात घेऊन जुना महामार्ग धरा.

रेल्वेने पाठवताना गाडीचा शेवटचा थांबा आपले उतरण्याचे स्थानक असेल, अशीच रेल्वेगाडी निवडा. मधल्या स्थानकावर गाडी काही मिनिटेच थांबते आणि मोटारसायकल उतरवायची राहून पुढे निघून जाऊ शकते. याच कारणासाठी मी जम्मूपेक्षा अमृतसर पसंत करतो: मुंबई सेंट्रलहून निघणारी गोल्डन टेम्पल मेल किंवा वांद्रे टर्मिनसहून निघणारी पश्चिम एक्स्प्रेस अमृतसरलाच संपते आणि तिथून जम्मू साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे सरावासाठी एक उत्तम सपाट दिवस आहे.

पार्सल कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन डब्यात जागा आहे का ते विचारा. प्रवासाच्या तिकिटावर गाडी ‘लगेज’ म्हणून बुक करता येते, तिकीट नसल्यास ‘पार्सल’ म्हणून. आरसी व ओळखपत्राच्या प्रती लागतात. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पेट्रोल राहिल्यास गाडी स्वीकारत नाहीत आणि दंडही होऊ शकतो. आरसे काढून ठेवा. कार्यालयाबाहेरचे पॅकिंगवाले गोणपाट आणि पुठ्ठे गुंडाळून देतात. टाकी, हेडलाइट, हँडलची टोके आणि गिअरचा पाय यांवर दुहेरी थर मागून घ्या आणि ते काम संपेपर्यंत तिथेच उभे राहा. कोठून कोठे आणि मालकाचे नाव असा मजकूर पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना जाड अक्षरांत लिहून घ्या. मूळ पावती हरवल्यास गाडी सोडवणे फार कटकटीचे होते.

तुम्ही ज्या गाडीने जाल, त्याच गाडीने मोटारसायकल येईल याची खात्री नसते. म्हणून ती तीन-चार दिवस आधी पाठवावी. मात्र पोहोचल्यावर ठरावीक मुदतीत उचलली नाही, तर स्थानकावर ताशी आकार लागतो, तेव्हा फार आधीही पाठवू नये.

९. उंचीचा आजार ओळखा

वर पोहोचल्यावर डोके दुखणे आणि त्याच्याबरोबर मळमळ, भूक न लागणे, थकवा किंवा चक्कर यांपैकी काहीही असणे, हा उंचीचा सौम्य आजार समजावा. घट्ट हेल्मेट, ऊन आणि पाणी कमी पिणे यांनीही डोके दुखते, त्यामुळे आधी हेल्मेट काढा, अर्धा लिटर पाणी प्या आणि तासभर सावलीत बसा. त्यानंतरही दुखत असेल, तर उंचीचाच त्रास आहे असे धरून चाला आणि त्या दिवशी त्याहून वर झोपू नका.

दोन लक्षणसमूह मात्र जिवावर बेतणारे आहेत. बसल्या जागी धाप लागणे, ओला खोकला, छातीत खरखर आणि ओठ-नखे निळसर होणे हे फुप्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण आहे. असंबद्ध बोलणे, गुंगी, तोल जाणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण आहे. सोबत्याविषयी शंका आल्यास त्याला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावले चालायला सांगा. तो डगमगला, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब खाली उतरा आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका. मिळेल त्या टॅक्सीत किंवा ट्रकमध्ये बसवा आणि मोटारसायकल तिथेच सोडा. प्राणवायूचा लहान कॅन हा तात्पुरता आधार आहे, उतरण्याला पर्याय नव्हे. वाटेत लष्कराची वैद्यकीय केंद्रे आहेत आणि लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, परंतु ती मुंबईतच डॉक्टरांना विचारून घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि वारंवार लघवीला होते. ते अपेक्षित आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी सल्ल्याशिवाय जाऊच नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या आठवड्यात पूर्ण टाळा, कारण दोन्हींमुळे झोपेतील श्वास मंदावतो.

गटात जाणाऱ्यांना एक विनंती. त्रास होत असलेला माणूस बहुधा बोलत नाही, कारण आपल्यामुळे सर्वांचा बेत मोडेल ही भीती त्याला वाटते. म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवा की, एकालाही त्रास झाला, तर सगळे थांबतील. रोज रात्री जेवताना प्रत्येकाला डोके दुखते का, जेवण जाते का, हे नाव घेऊन विचारा. जो ताटात अन्न टाकून उठतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

१०. खिंडी आणि नाले

झोजी लावर पाऊस किंवा बर्फवितळीनंतर घोटाभर चिखल होतो आणि दरीच्या बाजूला अनेक ठिकाणी कठडा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खुला झाला असला, तरी खुद्द झोजी ला अजून रस्त्यानेच ओलांडावी लागते. तिथे डोंगराच्या बाजूने, दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकपासून अंतर ठेवून चला. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या आणि लष्कराचा ताफा आल्यास बाजूला थांबा.

नाल्यांतील पाणी बर्फ वितळून येते, म्हणून ते सकाळी कमी आणि दुपारनंतर खूप जास्त असते. बारालाचा लाजवळच्या झिंगझिंगबारच्या परिसरातील नाले दुपारी बाराच्या आत ओलांडता येतील, अशा बेताने निघा. पण पहाटेच्या अंधारातही निघू नका, कारण सावलीतल्या वळणांवर काचेसारखा बर्फाचा पातळ थर असतो आणि तो उजेडातच ओळखू येतो.

नाल्यापाशी आधी थांबा. एखादा ट्रक जाऊ द्या आणि त्याची चाके कोठे किती बुडतात ते पाहा. पाणी गढूळ आणि खळाळते असेल, तर आधी कोणीतरी पायी जाऊन दगड चाचपावेत. मग पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून जा. चाकाखालच्या दगडाकडे पाहिले की गाडी त्याच दगडाकडे जाते. मध्येच क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडू नका, सायलेन्सरमध्ये पाणी शिरते. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर सेल्फ मारत राहू नका. ढकलून बाहेर काढा आणि मग सुरू करा. पलीकडे गेल्यावर हलके ब्रेक दाबत थोडे अंतर चाला, म्हणजे ते कोरडे होतात. मोजे लगेच बदला.

खारदुंग लाच्या पाटीवर अनेक वर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते, तरी प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. आकडा कोणताही धरा, वर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका.

११. पेट्रोल, पैसे, फोन

कारगिल, लेह, लेहजवळचे कारू, दिस्कित आणि केलाँगजवळचे टांडी येथे पंप आहेत. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही टांडीची पाटी प्रसिद्ध आहे आणि परतीच्या वाटेवर कारूला टाकी भरताना तेच अंतर मनात धरावे. चढावर मायलेज उतरते, त्यामुळे धातूच्या कॅनमध्ये पाच लिटर जास्तीचे पेट्रोल असू द्या. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल नेऊ नका.

मुंबईचे प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. मनाली-लेह रस्त्यावरील दारचा ते उपशी या पट्ट्यात दिवसभर संपर्क होणार नाही, असे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा जीव टांगणीला लागतो. रोख रक्कम पुरेशी ठेवा, कारण एटीएम आणि यूपीआय दोन्ही नेटवर्कवर अवलंबून आहेत.

१२. परतीचा रस्ता

लेहहून उपशी, ५,३२८ मीटरची तांगलांग ला, चाळीसेक किलोमीटरचे सपाट मोरे मैदान, पांग, लाचुलुंग ला, नकी ला, गाटा लूप्सची एकवीस वळणे आणि मग सर्चू असा क्रम आहे. सरावलेल्या शरीराने सर्चूला एक रात्र काढायला हरकत नाही. पुढे बारालाचा ला ओलांडून जिस्पा-केलाँगला दुपारी पोहोचता येते. तिथून २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनालीत उतरता येते. रोहतांग खिंडीवरूनच जायचे असल्यास वेगळा परवाना लागतो.

मनालीत एक दिवस गाडीला द्या. ब्रेक पॅड, चेनचा ताण, स्पोक आणि एअर फिल्टर तपासून घ्या. खराब रस्त्यावर सैल झालेले कॅरियरचे बोल्ट खालच्या वेगवान महामार्गावर निखळतात. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला असेल, तर तो मूळ जागी आणायला विसरू नका, अन्यथा सपाटीवर इंजिन तापते. मोटारसायकल मुंबईला पाठवण्यासाठी दिल्ली सर्वांत सोयीची, कारण तिथून सुटणाऱ्या अनेक गाड्यांचा शेवटचा थांबा मुंबईच असतो. ती सोडवायला जाताना मूळ पावती, आरसी, हेल्मेट आणि एक लहान पाना बरोबर न्या. आरसे स्थानकाबाहेरच बसवावे लागतात, आणि रिकाम्या टाकीने जवळच्या पंपापर्यंत गाडी ढकलत न्यायला एखादा मित्र सोबत असलेला बरा.